अण्णांच्या फियाटची बैठक

जुनी मोटार नीट करायला काढली आहे असे सांगितले, की ऐकणारा पहिला प्रश्न इंजिनाबद्दल विचारतो आणि दुसरा रंगाबद्दल. "चालते का?" आणि "चकाकते का?" या दोन प्रश्नांना होकार मिळाला की त्याचे समाधान होते. काच खाली करून आत डोकावणारा शंभरात एखादा. वास्तविक इंजिन आणि रंग ही दोन्ही कामे त्यातल्या त्यात सोपी. चांगला मेकॅनिक आणि चांगला रंगारी गाठावा, पैसे मोजावेत आणि महिन्याभराने गाडी घेऊन यावी. पण गाडीच्या पोटात, म्हणजे बैठका, छत, दारांच्या आतली आवरणे, पायाखालचा पत्रा यांत हात घालायची वेळ आली, की घरातली सगळी माणसे मध्ये येतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, प्रत्येकाची आठवण निराळी असते आणि प्रत्येकाला आपलीच बरोबर वाटते. आमच्या घरी वर्षभर हा संसार चालला होता.

आमची गाडी फियाट अकराशे डिलाइट, १९६८ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कोरी घेतली. कोरी गाडी म्हणजे काय याची आजच्या वाचकांना कल्पना यायची नाही. त्या दिवसांत पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट बघायची. म्हणून वापरलेली गाडी कोऱ्या गाडीच्या किमतीहून महाग विकली जात असे! वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना आमच्या पार्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, कुर्ल्याला होता. त्यामुळे आम्हा मुलांना वाटे, की अण्णा रोज संध्याकाळी तिथून पायी जाऊन आपली गाडी कुठवर आली ते बघून येत असतील.

या अकराशेची थोरली बहीण म्हणजे १९५४ सालची ती गोलमटोल गाडी, जिला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' हे नाव देऊन कायमचे अमर केले. तिची पुढची दारे मागच्या बाजूने बिजागरलेली असत, म्हणजे कपाटाच्या जोडदारांसारखी उघडत. आमच्या डिलाइटची दारे सरळमार्गी होती. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, आणि म्हणून खालची जागा मोकळी. पुढे एकसंध लांब बैठक, तिच्यावर तिघे. मागच्या बैठकीवर चौघे. मांडीवरची मुले हिशेबात धरत नसत. हीच गाडी पुढे थोडेफार रूप पालटून १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि विसावे शतक संपेपर्यंत निघत राहिली. टॅक्सी म्हणून तर ती त्यानंतरही धावली. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली. आमच्या घरी त्या दिवशी आईने ताडपत्रीखालच्या गाडीकडे बघून एवढेच विचारले, "आपलीला असं काही नाही ना रे?"

आपलीला तसे काही नव्हते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. ती मी अण्णा गेल्यावरही नेमाने वाढवत आलो होतो. पण गाडी मात्र ताडपत्रीखालीच होती. अण्णांच्या मागे तिच्यात बसावेसे कोणाला वाटले नाही, आणि मग बसण्याजोगी ती राहिली नाही.

गेल्या दिवाळीत हा प्रश्न ऐरणीवर आला तो आईमुळे. आईला एक्क्याण्णवावे चालू आहे. तिचे माहेर गिरगावातल्या एका चाळीत. ती चाळ पाडून तिथे उंच इमारत व्हायची आहे. गणपती झाले की बिऱ्हाडे रिकामी करायची, असे ठरल्याचे मामेभावाचे पत्र आले होते. आई म्हणाली, "एकदा जाऊन येते. पण त्या तुमच्या उंच गाडीत नाही. चढताना तुम्ही मला गव्हाच्या पोत्यासारखी ढकलता." माझ्या मुलाची गाडी खरोखरच उंच आहे, आणि आईच्या एका खुब्यात सळई आहे. "आपली फियाट काढा," ती म्हणाली. "तिच्यात मी आपली आपण बसते."

एवढ्यावरून काम सुरू झाले. आता आमचा धाकटा भाऊ नाशिकला असतो. खर्चाचा अर्धा वाटा त्याने न मागता उचलला आणि त्याबरोबर आपला एक आराखडाही पाठवला: पुढची लांब बैठक काढून दोन स्वतंत्र खुर्च्या, दोहोंच्या मध्ये खालचा गिअर, काळे-करडे मऊ कापड, थंड हवेची सोय आणि गाण्यांची पेटी. "दादा, नुसती जुनी गाडी जपून काय करायची? वापरता आली पाहिजे," असे त्याचे म्हणणे. ते चुकीचे नव्हते. कारखान्यानेसुद्धा शेवटच्या वर्षांतल्या पद्मिनीला सुट्या खुर्च्या आणि खालचा गिअर देऊन पाहिलाच होता.

माझ्या एका मित्राचा आग्रह नेमका उलटा होता. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांसाठी नोंदणी होते आणि क्रमांकात 'व्हीए' ही मानाची अक्षरे येतात. मित्र म्हणाला, "सगळं शंभर टक्के कंपनीसारखं कर आणि मानाची पाटी लाव." पण त्याच नियमांत असेही आहे, की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. नव्वदीच्या आईला माहेरी नेणे यांपैकी कशातच बसेना. तेव्हा मानाची पाटी राहिली, आणि सुट्या खुर्च्याही राहिल्या. गाडी आईने बसायची आहे. आई पुढच्या लांब बैठकीवर खिडकीशी बसत आली आहे. तर ती बैठक तशीच राहील, बाकीचे मग बघू, असे मी नाशिकला कळवले. तिकडून दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी आले: "ठीक. पण पुढे पट्टे बसवलेच पाहिजेत." हे मला ताबडतोब पटले.

कुशनवाला शोधण्यात महिना गेला. आजकालचे बहुतेक जण तयार खोळी चढवणारे. आतली स्प्रिंग उघडून बघायला कोणी तयार नाही. शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडच्या एका आतल्या गल्लीत एक वृद्ध कारागीर भेटले. मूळचे दापोलीकडचे, त्यामुळे मराठी अस्खलित. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते आमच्याकडे आले, गाडीचे दार उघडले, पण बैठकीकडे बघितलेच नाही. पायाखालचे रबरी जाजम उचलले आणि त्याखालच्या डांबरी फेल्टात अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला.

"आधी पत्रेवाला," ते म्हणाले. "मी नंतर."

त्याचे कारण वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे. जुन्या मोठ्या गाड्यांना खाली वेगळी लोखंडी चौकट असे आणि तिच्यावर डबा ठेवलेला असे. फियाट अकराशेला तशी वेगळी चौकट नाही. तळ, खांब, छत हा सगळा जोडलेला पत्राच गाडीचे वजन पेलतो. तळ कुजला म्हणजे नुसते भोक पडले असे नव्हे, गाडीचा कणाच गेला. आणि तळ कुजतो तो बाहेरच्या चिखलाने कमी, आतल्या पाण्याने अधिक. पुढच्या काचेभोवतीचे रबर वर्षांनुवर्षांच्या उन्हाने दगडासारखे होते, तिथून पावसाचे पाणी झिरपते, फेल्ट ते स्पंजासारखे शोषून घेते आणि वरचे जाजम त्याला वाळू देत नाही. वरून बघणाऱ्याला सगळे कोरडे ठाक! पत्रेवाल्याने दोन्ही बाजूंचा पायाखालचा भाग कापून नवा पत्रा जोडला, आणि पट्टे जिथे अडकवायचे तिथे खालून जाड लोखंडी चकत्या दिल्या. नाशिकच्या मंडळींची ती अट अशी पहिल्याच फेरीत पुरी झाली.

जानेवारीत चाचांनी बैठका बाहेर काढल्या. त्या दिवशी आमच्या अंगणात जत्रा भरली होती. मागच्या बैठकीच्या खाचेत जो ऐवज सापडला त्याची यादी आमच्या सौ.ने केली आहे: षटकोनी तीन पैसे दोन, केसांच्या पिना अकरा, एक गोटी, बेस्टचे तिकीट एक, भुईमुगाची टरफले असंख्य, आणि माझ्या बहिणीची कानातली एक रिंग, जिच्यापायी तिने १९७४ साली तीन दिवस रडून काढले होते. ती आता पुण्याला आजी झाली आहे. तिला फोन केला तर म्हणाली, "मी सांगत होते ना, गाडीतच पडलीय म्हणून! कोणी ऐकलं नाही."

मग रंगाचा प्रश्न निघाला. गाडीतले रेक्झिन तपकिरी, जागोजाग तडकलेले आणि पुढे दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेले. मला वाटे ते पहिल्यापासून तपकिरीच होते. बहीण म्हणे, छे, लाल. नाशिककर म्हणे, हिरवे, मला पक्के आठवते. (त्याला आठवतात त्या आईने शिवलेल्या हिरव्या टर्किश टॉवेलच्या खोळी. उन्हाळ्यात रेक्झिन मांड्यांना चटके देई म्हणून त्या काळी घरोघर असल्या खोळी असत.) आईला विचारले तर ती म्हणाली, "पिकल्या उंबराचा रंग होता." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी बैठकीच्या लोखंडी चौकटीखाली, जिथे रेक्झिनची कड आत दुमडून चिमट्यांनी बसवलेली असते, तिथली पट्टी उलगडली. सत्तावन्न वर्षे ऊन न लागलेली दोन बोटांची पट्टी. तिचा रंग पिकल्या उंबराचाच होता. तांबडा म्हणावे तर जांभळट, आणि मरून म्हणावे तर त्याहून ऊबदार.

'रेक्झिन' हे मुळात एका विलायती मालाचे नाव, मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या कंपनीचे. कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचे तेल आणि रंग यांचा लेप द्यायचा आणि वर चामड्यासारखे कातरे उठवायचे, अशी त्याची कृती. पुढे लेप बदलला, पीव्हीसीचा आला, पण आपल्याकडे नाव रेक्झिनच राहिले. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेले असते. ऊन आणि वर्षे यांनी ते हळूहळू निघून जाते, आणि मग लेप ताठ होऊन बसणाऱ्याच्या वजनाने चिरतो. शेजाऱ्यांनी सुचवल्याप्रमाणे खोबरेल तेल चोळून तो पुन्हा मऊ होत नाही. नुसती धूळ धरतो. पेट्रोलच्या बोळ्याने पुसणे तर त्याहून वाईट. साध्या साबणाच्या पाण्याचे फडके आणि गाडीवर सावली, याहून निराळे औषध चाचांनी सांगितले नाही.

त्या दोन बोटांच्या पट्टीला घेऊन मी सबंध फेब्रुवारी हिंडलो. ऑपेरा हाऊसजवळची मोटारींच्या सामानाची दुकाने झाली, कुर्ला झाले, चोरबाजार झाला. रंग जमला तर कातरा जमेना. कातरा जमला तर माल इतका चकचकीत, की गाडीत बसल्यावर आरशात बसल्यासारखे वाटावे. एका दुकानदाराने पट्टी हातात घेऊन, "काका, कशाला जिवाला त्रास करून घेता? काळं घ्या, सगळ्यावर जातं," असा सल्ला दिला. अखेर पट्टी दाखवून रंग मिसळून देणारा एक जण मिळाला. पण तो एवढ्याशा मालासाठी यंत्र चालवीना. चाचांनीच त्याची समजूत घातली आणि दुसऱ्या एका मालाच्या शेवटाला आमचा तुकडा काढून घेतला. थोडा जास्त घेतला. तो आता घरात ट्रंकेत आहे.

हँडलांच्या बाबतीत मात्र टॅक्सीवाल्यांचे आमच्यावर उपकार झाले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी मोडीत निघाल्यामुळे कुर्ल्याच्या भंगारात काच वर-खाली करण्याची हँडले, कुलपे, पुढच्या दारांतल्या त्या छोट्या त्रिकोणी काचांच्या कड्या, असे पुष्कळ काही ढिगाने मिळते. पण आतली सजावट त्यांतून मिळत नाही. टॅक्सीवाले हौशी, छताला फुलाफुलांचे कापड, दारांना नक्षी, जे मूळचे ते त्यांनी केव्हाच काढून टाकलेले. आमची जुनी हँडले पांढऱ्या धातूची ओतीव. त्यांच्यावरच्या क्रोमखाली फोड आले होते. ती घासून आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि शेवटी क्रोमचा मुलामा द्यावा लागतो. तीन दिली, एक दिले नाही. चालकाच्या दाराचे जे हँडल आहे त्याच्या गोळ्यावरचा मुलामा अण्णांच्या हाताने झिजून आतला पिवळसर धातू वर आला आहे. ते तसेच ठेवायचे, असे न बोलता ठरले. मुलामेवाल्याला वाटले आमचे पैसे संपले.

दारांच्या आतले हार्डबोर्ड फुगून लाटांसारखे झाले होते. काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोटात जातच असते. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या खालच्या कडेला छिद्रे असतात. ती पानांच्या कचऱ्याने बुजली, की पाणी आत साठते आणि बोर्ड ते पिऊन बसतो. चाचांनी काडी घालून छिद्रे मोकळी केली, नव्या बोर्डांच्या पाठीला ऑइलपेंटचे दोन हात दिले आणि दार व बोर्ड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा जाड कागद चिकटवला. जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी दर पावसाळ्याआधी ती काडी फिरवावी. फुकटचे काम आहे.

छताचे काम चाचांनी मे महिन्यापर्यंत लांबवले. मी घाई केली तर म्हणाले, "साहेब, थंडीत ताणलेलं छत उन्हाळ्यात झोळीसारखं लोंबतं. उन्हात ताणू द्या, मग ते आपलं आपण आवळतं." छताचे अस्तर नुसते चिकटवलेले नसते. त्याच्या पाठीला नळ्यांसारख्या शिवणी असतात, त्यांतून पोलादी तारा जातात आणि त्या तारा कमानीसारख्या वाकून दोन्ही बाजूंच्या भोकांत बसतात. प्रत्येक तारेचा बाक निराळा. एकीची जागा दुसरीला दिली की छताला सुरकुती पडते, आणि ती जन्मभर जात नाही. त्यांनी काढतानाच प्रत्येक तारेला चिंधी बांधून क्रमांक घातला होता. जुने अस्तर शिवण उसवून जमिनीवर पसरले आणि तोच फर्मा धरून नवे बेतले. मग मे महिन्यातल्या दोन दुपारी, दारे बंद करून, घामाने निथळत, मधून कडेकडे अशी ओढ देत ते बसवले. सोल्युशनच्या वासाने माझे डोके भणभणले. ते आपले आत गुणगुणत होते.

बैठकांची शिलाई आमच्या व्हरांड्यात झाली, कारण आईला बघायची होती. आई उभ्या आयुष्यात शिवणयंत्रावर बसलेली बाई. चाचांचे टाके बघून ती म्हणाली, "मास्तर, टाका जरा लांब पडतोय. जवळ घाला, मजबूत होईल."

चाचांनी यंत्र थांबवले. "आई, कापडाला ते बरोबर. याला सुईनं पडलेलं भोक भरून येत नाही. जवळजवळ भोकं पाडली तर पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवर फाटतं."

आईने हे मिनिटभर तोलून पाहिले. "खरं आहे," ती म्हणाली, आणि त्यानंतर दोघांची दोस्ती जमली. रोज दुपारी चहाच्या वेळी ती त्यांना पायपिंगची दोरी धरून देऊ लागली. तीन महिन्यांत एवढी टवटवी आम्हाला तिच्यात औषधांनी आलेली दिसली नव्हती. (औषधे चालूच होती, हे डॉक्टरांच्या माहितीसाठी.)

आतली रचना जुनीच ठेवली: खाली स्प्रिंगा, त्यांच्यावर गोणपाट, मग काथ्याची गादी आणि वर कापसाचा थर. फोम घालावा असे मीच सुचवले होते. चाचा म्हणाले, फोम पहिली काही वर्षे छान वाटतो, मग मुंबईच्या दमट हवेत त्याचा भुगा होतो. काथ्या हवा खेळती ठेवतो, आणि दबला तर वर एक थर देता येतो. चार स्प्रिंगा तेवढ्या तुटलेल्या निघाल्या. चारही चालकाच्या जागेखालच्या, बाकीच्या धडधाकट. अण्णांचे वजन पंचाऐंशी किलो होते.

पुढची बैठक तयार झाली तेव्हा ती इतकी देखणी दिसत होती, की सौ. म्हणाली, दिवाणखान्यातच ठेवू या. पण चाचांनी तिची खालची कड चिमट्यांनी बंद केली नव्हती. बैठक नुसती गाडीत ठेवली आणि म्हणाले, "आईंना बोलवा. ज्यांना बसायचं आहे त्या बसल्याशिवाय मी बंद करत नाही."

आई आली. आधी पाठ गाडीकडे करून बसली, मग दोन्ही पाय आत घेतले. कोणाचा हात लागला नाही. समोर बघितले, त्रिकोणी काच उघडून पाहिली. आणि म्हणाली, "पाय टेकत नाहीत."

आम्ही वाकून बघितले. टाचा बोटभर अधांतरी होत्या. नवी गादी फुगलेली, आणि आई गेल्या काही वर्षांत चांगली दोन इंच आखडलेली. चाचांना यात काही नवल वाटले नाही. त्यांनी बैठक बाहेर काढली, कड उलगडून आईच्या बाजूच्या काथ्याचा एक थर सोडवला, पुढची कड थोडी उतरती केली आणि पुन्हा ठेवली. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी आईचे दोन्ही तळवे नव्या जाजमावर सपाट टेकले. "आता बंद करा," ती म्हणाली. त्यामुळे आमच्या फियाटची पुढची बैठक डाव्या बाजूला किंचित खाली आहे. माझ्या त्या मित्राच्या नजरेतून हे सुटले नाही. प्रदर्शनात गुण कापतील, असे तो म्हणाला.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आम्ही गिरगावला गेलो. मी चालवायला, आई खिडकीशी, मध्ये नाशिककर. तो मुद्दाम आदल्या रात्री आला होता. माहीमच्या पुढे सर आली. पूर्वी पाऊस आला की पुढच्या काचेखालून आईच्या डाव्या पायावर थेंब पडे आणि ती पिशवीतून फडके काढी. सवयीने तिने फडके काढलेही. हाजी अलीपर्यंत हातात धरून बसली, मग घडी करून परत ठेवले.

चाळीचे तीन मजले तिला चढवणार नव्हतेच. गाडी दाराशी लावली, दार उघडले. मामेभाऊ खाली आला, त्याच्यामागून त्याची बायको, मग शेजारच्या दोन म्हाताऱ्या, ज्यांना आई त्यांच्या माहेरच्या नावांनी हाक मारत होती. पाऊस भुरभुरत होता, उभे राहायला जागा नव्हती. तेव्हा त्या सगळ्या गाडीतच बसल्या. मागे चौघी, पुढे आईशेजारी दोघी. मी आणि भाऊ बाहेर छत्री धरून. कोणाच्या लग्नात पाण्याचा हंडा फुटला, कोण कोणत्या खोलीत वारले, गच्चीवरच्या पापडांवर कोणाची नजर असे, असे दीड तास चालले. वरून चहा आला. एका मावशींचा कप कलंडून नव्या बैठकीवर सांडला आणि त्या एकदम ओशाळल्या.

"असू दे गं, रेक्झिन आहे," आई म्हणाली आणि तिने पिशवीतले ते कोरडे फडके काढून धाकट्याकडे दिले. काळ्या-करड्या मऊ कापडाची शिफारस करणारा आमचा नाशिककर गुडघे मोडून, चिखलात उभा राहून, बैठकीच्या पट्ट्यापट्ट्यांतून चहा टिपत होता, आणि मागच्या म्हाताऱ्या त्याला कुठे राहिला आहे ते दाखवत होत्या.